एका टिचकीची मालकी

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

शिबिराच्या पत्रिकेत ‘सॉफ्टवेअरची पेटंट’ हा विषय पाहून दोघी-तिघींनी मला विचारलं की हे आपलं काम केव्हापासून झालं? प्रश्न रास्त आहे. पोटगीच्या केसेस आहेत, रेशनचे मोर्चे आहेत, बचतगटांचे हिशोब आहेत. एवढं सगळं पुरून उरत असताना अमेरिकेतल्या बड्या कंपन्या कोर्टात कशावरून भांडतात ते आपण कशाला ऐकायचं? मी स्वतः समाजकार्य शिकले, कॉम्प्युटर नाही. म्हणून आज जे सांगणार आहे ते कार्यकर्तीच्या भाषेत सांगणार आहे, आणि त्यात तांत्रिक असं फार थोडं आहे.

शिवाय पेटंट हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना हळदीचं प्रकरण आठवत असेल. मी तेव्हा पाटी-पेन्सिलीच्या वयात होते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडच्या सीएसआयआर या सरकारी संस्थेनं, डॉ. माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण ते रद्द कशानं झालं? कोट्यवधी बायकांनी पोरांच्या ढोपरांना हळद लावली आहे, यानं नाही. सीएसआयआरनं ३२ छापील आणि लेखी संदर्भ शोधून काढले, तेव्हा झालं. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात दुसऱ्या देशातला नुसता वापर धरतच नसत, कागद लागे. ‘आईनं सांगितलं’ हा पुरावा नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आधी पेटंट म्हणजे काय ते पाहू. ती एक देवघेव आहे. शोध लावणाऱ्यानं आपलं गुपित जगाला उघड करून सांगायचं, आणि बदल्यात सरकारनं त्याला वीस वर्षं त्या शोधाची मक्तेदारी द्यायची. ज्या देशात पेटंट घेतलं त्याच देशात ते चालतं. अर्जाच्या शेवटी ‘दावे’ लिहिलेले असतात, म्हणजे नेमकं कशाकशावर माझी मालकी, याची यादी. सगळी भांडणं या दाव्यांच्या शब्दांवर होतात.

समजा, एका बाईनं भाकरी थापायचं यंत्र केलं. तिनं दावा केला की अमुक आकाराची तबकडी, अमुक दाबाची स्प्रिंग, अशा रीतीनं थापलेली भाकरी कडेला चिरत नाही. तर तिला पेटंट मिळावं, मी टाळ्या वाजवीन. दुसरीला वेगळ्या तऱ्हेचं यंत्र करायला मोकळीक राहते. पण तिनं वकील गाठून दावा असा लिहिला, की ‘पिठाच्या गोळ्यास सपाट आकार देऊन त्यास उष्णता देण्याची कोणतीही पद्धत’, तर काय होईल? तुम्ही-आम्ही सगळ्याच चोर ठरू. पहिल्या दाव्यात ‘कसं करायचं’ याची मालकी आहे, दुसऱ्यात ‘काय करायचं’ याचीच. सॉफ्टवेअरच्या पेटंटांवर गेली तीस वर्षं जो वाद चालला आहे तो बहुतांशी या दुसऱ्या तऱ्हेच्या दाव्यांचा आहे.

उदाहरण सांगते. अॅमेझॉन कंपनीनं १९९७ मध्ये अर्ज केला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. कशाचं? गिऱ्हाइकाचा पत्ता आणि पैसे देण्याची माहिती आधीच साठवलेली असेल, तर कॉम्प्युटरवर एकच टिचकी मारून वस्तू मागवण्याचं. आमच्या गल्लीतला वाणी मी नुसती मान हलवली की वहीत नाव लिहून पिशवी घरी पाठवतो. असो. पेटंट मिळाल्यावर महिन्याभरातच अॅमेझॉननं बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं. डिसेंबर १९९९ मध्ये, नाताळच्या ऐन खरेदीत, कोर्टानं मनाई हुकूम दिला. बार्न्स अँड नोबलला आपल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम आणखी एक टिचकी मारायला लावावी लागली. २००१ मध्ये वरच्या कोर्टानं तो हुकूम उठवला, कारण पेटंटच्या वैधतेबद्दल गंभीर शंका होती. पुढे एका न्यूझीलंडच्या नटानं हौसेनं मागे लागून पेटंटची फेरतपासणी करायला लावली, तेव्हा दावे थोडे आखडले. युरोपच्या पेटंट कार्यालयानं हे पेटंट नाकारलं. पण अमेरिकेत २०१७ मध्ये मुदत संपेपर्यंत ते जिवंत राहिलं.

दुसरं अॅपलचं. फोनच्या पडद्यावर बोटानं चित्र सरकवलं की कुलूप उघडतं, त्याचं पेटंट. दाराची कडी सरकवणं माणसाला किती शतकं ठाऊक आहे ते मी सांगायला नको. नीओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनमध्येही पडद्यावर बोट सरकवून कुलूप उघडायची सोय आधीच होती. २०१२ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं आणि २०१५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टानं हे पेटंट टिकू दिलं नाही. अमेरिकेत मात्र सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात ते टिकलं. तीच कडी, तेच बोट, आणि समुद्र ओलांडला की निकाल उलटा.

आणि ब्रिटिश टेलिकॉमचं तर विचारूच नका. १९७६ च्या एका जुन्या अर्जावरून अमेरिकेत १९८९ मध्ये मिळालेलं पेटंट त्यांच्या कपाटात पडून होतं. इंटरनेट घरोघरी पोचल्यावर त्यांना वाटलं की एका पानावरून टिचकी मारून दुसऱ्या पानावर जाणं, म्हणजे सगळ्या इंटरनेटचा धागाच, आपल्या मालकीचा आहे. २००० साली त्यांनी प्रॉडिजी या कंपनीवर दावा लावला. २००२ मध्ये न्यायाधीश कोलीन मॅकमॅहन या बाईंनी तो निकालात काढला.

आता तुम्ही म्हणाल, हत्ती हत्तींशी भांडतात, भांडू देत. कोट्यधीश कंपन्या एकमेकींना भरपाई देतील, आपलं काय जातं? ज्या एका गोष्टीमुळे मी या विषयाकडे वळले ती आता सांगते.

आमच्या केंद्रात बोलता न येणाऱ्या मुलांच्या आया येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी घरच्यांची बोलणी खाऊन येतात, कारण मूल बोलत नाही यात दोष आईचाच मानला जातो. अशा मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात. मूल पाण्याच्या चित्रावर बोट ठेवतं, आई पाणी देते. हेच यंत्रात घातलं की चित्रावर बोट ठेवताच यंत्र ‘पाणी’ म्हणतं. अमेरिकेत अशी खास यंत्रं फार वर्षांपासून आहेत, त्यांची किंमत काही हजार डॉलर. मग आयपॅड आला, आणि मुलांना बोलायला शिकवणाऱ्या दोन वाचा-उपचारतज्ज्ञ बायकांनी ‘स्पीक फॉर युवरसेल्फ’ नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. सरसकट स्वस्त नव्हे, पण हजारांच्या मानानं आवाक्यातलं.

२०१२ मध्ये प्रेंटकी रोमिक ही खास यंत्रं बनवणारी कंपनी आणि तिला चिन्हपद्धती पुरवणारी कंपनी, दोघींनी मिळून या बायकांवर पेटंटभंगाचा दावा लावला. त्यांच्याकडे असलेल्या पेटंटांत चिन्हांच्या कळा असलेला तक्ता आणि एक कळ दाबली की बाकीच्या कळांचा अर्थ बदलणं, अशा गोष्टी होत्या. आता विचार करा. ‘जेवण’ या चित्रावर बोट ठेवलं की पुढे भात, पोळी, वरण अशी चित्रं यावीत, हे कुठल्याही आईला सुचेल. पेटंटमध्ये ते नेमकं कसं बांधलं होतं आणि या बायकांनी त्याची नक्कल केली की नाही, हे कोर्टानं ठरवायचं होतं. पण कोर्टानं काही ठरवण्याआधीच कंपनीनं अॅपलला कळवलं आणि जून २०१२ मध्ये अॅपलनं ते सॉफ्टवेअर आपल्या दुकानातून काढून टाकलं.

एका चार वर्षांच्या मुलीच्या आईनं त्या वेळी जाहीरपणे लिहिलं. तिची मुलगी नुकती त्या पडद्यावरून बोलायला लागली होती. घेतलेलं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं, पण पुढची दुरुस्ती मिळणार नव्हती. आयपॅड बिघडला किंवा अॅपलनं आतली व्यवस्था बदलली तर मुलीचा आवाज केव्हाही बंद पडू शकत होता. आणि ज्या आया ते घ्यायला निघाल्या होत्या त्यांच्यासाठी दार बंदच. ती आई त्या खटल्यात पक्षकार नव्हती, तिचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. पुढे त्याच वर्षी दोन्ही बाजूंची तडजोड झाली आणि सॉफ्टवेअर पुन्हा विक्रीला आलं. म्हणजे दावा खरा होता की फुगवलेला, याचा निकाल शेवटपर्यंत लागलाच नाही.

मैत्रिणींनो, हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? सासरच्या वकिलाची नोटीस आली की हक्काचं घर रिकामं करून माहेरी निघून जाणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नोटिशीत कायदा काय लिहिला आहे ते ती वाचत नाही, तिला वाचता आलं तरी तिचा धीर होत नाही. आपण तिला सांगतो की बाई गं, नोटीस म्हणजे निकाल नव्हे. ऐसपैस पेटंटाची ताकद ही अशीच नोटिशीत असते. अमेरिकेत पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढवायचा तर लाखो डॉलर लागतात. दोन बायकांच्या छोट्या कंपनीला ते झेपत नाही. मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं. त्या पेटंटांचे ढीग साठवतात, तू माझ्यावर सोडलास तर मी तुझ्यावर सोडीन, या हिशोबानं. २०११ मध्ये नॉर्टेल ही बुडालेली कंपनी विकायला निघाली, तेव्हा तिच्या सुमारे सहा हजार पेटंटांसाठी अॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि आणखी काही कंपन्यांनी मिळून ४५० कोटी डॉलर मोजले.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण प्रचारकी ठरू. पेटंट नसेल तर छोट्याचा शोध मोठा सहज गिळतो, हे कंपन्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. कॅनडातल्या आयफोरआय या लहान कंपनीनं मायक्रोसॉफ्टला वर्ड या प्रोग्रॅमवरून कोर्टात खेचलं आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २९ कोटी डॉलर वसूल केले. तेव्हा पेटंट मुळातूनच वाईट, असं मी म्हणत नाही. पण त्या एका निकालाच्या आडोशाला टिचकी आणि कडी यांचीही पेटंट खपवली जातात, त्याला माझी हरकत आहे.

अशी पेटंट मिळतात तरी कशी? इथं हळद परत येते. अर्ज तपासणाऱ्याला एकेका अर्जासाठी मोजके तास मिळतात. ही कल्पना जुनी आहे का, हे तो प्रामुख्यानं जुन्या पेटंटांत आणि छापील साहित्यात शोधतो. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं तर वर्षानुवर्षं एकमेकांच्या युक्त्या वापरत आली. त्या युक्त्या त्यांना इतक्या साध्या वाटत, की कागदावर उतरवाव्यात असं कुणाच्या मनात आलं नाही. आपल्या आज्यांनी बटव्याची यादी कुठे छापली होती? जे रोज हातानं केलं जातं ते नोंदवलं जात नाही, आणि जे नोंदवलेलं नाही ते अस्तित्वातच नव्हतं असं धरलं जातं. बायकांच्या घरकामाच्या मोजणीबद्दल आपण जे आयुष्यभर बोलत आलो तेच हे.

कायद्यांची स्थिती थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१४ मध्ये एकमतानं सांगितलं, की जुनीच कल्पना ‘कॉम्प्युटरवर करा’ एवढं म्हटल्यानं ती शोध ठरत नाही. अॅलिस नावाच्या कंपनीचा तो खटला होता. दोघांच्या व्यवहारात तिसऱ्यानं मध्ये राहून दोन्हीकडची खात्री घ्यायची, ही तिची कल्पना. आपली भिशी चालवणारी काकू हेच करते. त्या निकालानंतर अमेरिकेत अशी बरीच पेटंट पडली. युरोपात सॉफ्टवेअर पेटंटला वाट करून देणारा मसुदा युरोपियन संसदेनं ६ जुलै २००५ रोजी १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला.

आपल्याकडे पेटंट कायदा १९७० चा. २००२ च्या दुरुस्तीनं त्याच्या कलम ३ मध्ये ‘के’ हे उपकलम आलं, ते मे २००३ पासून लागू झालं. गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ कॉम्प्युटर प्रोग्रॅम यांना पेटंट नाही, असं ते सांगतं. सगळी मारामारी या ‘निव्वळ’ शब्दावर आहे. डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं वटहुकूम काढून हा शब्द ढिला करायचा प्रयत्न केला. प्रोग्रॅमचा उद्योगात तांत्रिक उपयोग असेल किंवा तो यंत्रासोबत असेल तर पेटंट द्यावं, अशी ती सोय होती. २००५ मध्ये संसदेनं ती वगळली. पण संसदेत जे अडलं ते पुढे नियमावलीच्या दारानं येऊ पाहू लागलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दार पुन्हा किलकिलं झालं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या संघटनांनी हरकत घेतली, डिसेंबरात सूचना स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये कडक सूचना आल्या, जून २०१७ मध्ये त्या पुन्हा सैल झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी म्हटलं, की शोधात खरा तांत्रिक परिणाम असेल तर केवळ तो कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर आधारलेला आहे म्हणून पेटंट नाकारता येणार नाही. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ‘तांत्रिक परिणाम’ हा शब्दही ताणला तर केवढाही ताणता येतो.

याचा आपल्या कामाशी संबंध असा. आयआयटी मुंबईत ‘जेलो’ नावाचं चित्रांतून बोलायचं सॉफ्टवेअर तयार झालं, फुकट आणि मराठीतसुद्धा. आमच्या केंद्रातल्या आया जुन्या मोबाइलवर ते वापरतात. एका पोरानं पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं ते त्याच्यावरच, आणि त्याची आई रडली, कारण तोवर त्याला काय नको हे ती अंदाजानंच ठरवत होती. कळांचा अर्थ बदलण्यावर इथं सरसकट मालकी देत असते, तर असं काही करू पाहणाऱ्यांना पहिल्या चित्राच्याही आधी वकील गाठावा लागला असता.

आणि आपल्या हातात काय आहे? बरंच आहे, पण ते आपण वापरत नाही. आपल्या कायद्याच्या कलम २५(१) प्रमाणे, पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी, कुणीही हरकत घेऊ शकतं. ‘कुणीही’ असाच शब्द आहे. त्यासाठी कंपनी असायची गरज नाही, प्रतिस्पर्धी असायची गरज नाही.

हे नुसतं पुस्तकात नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींना क्षयरोग झाला, त्यावरच्या जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलीन हे नवं औषध इतरांना तरी परवडावं, म्हणून जॉन्सन अँड जॉन्सनच्या मक्तेदारी लांबवणाऱ्या अर्जाला त्यांनी २०१९ मध्ये भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं तो अर्ज फेटाळला. विषय औषधाचा होता, पण कलम तेच. ते कार्यालय अँटॉप हिलला आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या भागात रेशनच्या मोर्च्याला गेल्या असतील आणि त्या इमारतीकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नसेल.

आता ही खिडकीसुद्धा लहान होते आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी या हरकतीला फी लावली, आणि हरकत ऐकून घेण्याजोगी आहे की नाही हे अधिकाऱ्यानं आधी ठरवायचं असं केलं. म्हणजे कुणीही आत येऊ शकतं, पण उंबऱ्यावर आता कुणीतरी बसलं आहे.

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, पेटंट कार्यालयाचं नियतकालिक दर शुक्रवारी निघतं, त्यात आलेल्या अर्जांची नोंद असते. अपंग मुलं, गरोदरपण, मासिक पाळी, बचतगटांचे हिशोब, एवढ्याच विषयांवरचे अर्ज पाहायचे असं ठरवलं, तर तीन-चार जणी आणि एखादी वकील मैत्रीण पुरतील. दुपारच्या सत्रानंतर ज्यांना यात रस आहे त्या थांबा.

दुसरी सूचना सोपी आहे. छापून प्रसिद्ध झालेली गोष्ट कुणाला नवा शोध म्हणून विकता येत नाही, आणि आपलं त्रैमासिक हेही छापील साहित्यच आहे. आपल्या गटांनी आजवर किती गोष्टी केल्या! निरक्षर बायकांसाठी चित्रांच्या हिशोब वह्या, पाळीचे दिवस मोजायच्या मण्यांच्या माळा, बोलता न येणाऱ्या मुलांचे तक्ते. त्या कशा वापरतात ते चार ओळींत लिहा, गावाचं नाव आणि तारीख घाला. ज्यांनी तक्ते बरोबर आणले आहेत त्यांनी ते जाण्यापूर्वी संपादक मंडळाच्या मैत्रिणींकडे द्यावेत. पुढच्या अंकात चार पानं त्यासाठी ठेवायचं त्यांनी कबूल केलं आहे.